इसारपावतीवर एक सही कमी होती

पुण्यात रीसेलचा फ्लॅट घेण्यासाठी मी दिलेल्या ६,००,००० रुपयांपैकी केवळ २,५०,००० रुपये मला परत मिळाले आहेत. विक्रेत्याने माघार घेतली, तोच फ्लॅट दुसऱ्याला अधिक किमतीला विकला आणि माझ्या पैशांवर आता तो उपकार केल्यासारखी चर्चा करतो. टोकन घेऊन झुलवणारे विक्रेते आणि त्यांची बाजू सांभाळणारे एजंट हा प्रकार कोणाला नवा नाही, त्यामुळे त्याची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. कागदावर नेमके काय राहून गेले आणि नंतर कोणी कसे हात झटकले, एवढेच लिहितो.

व्यवहार ६८,५०,००० रुपयांना ठरला. टोकन म्हणून ५१,००० रुपये मी यूपीआयने पाठवले, ४,४४,००० रुपये आरटीजीएसने दिले आणि किंमत पन्नास लाखांच्या वर असल्याने या रकमेवरील एक टक्का टीडीएसचे (विक्रेत्याच्या पैशातून कापून सरकारला भरायच्या आयकराचे) ५,००० रुपये विक्रेत्याच्या पॅनवर भरले. असे ५,००,००० रुपये पावतीवर आले. त्याखेरीज १,००,००० रुपये रोख दिले, जे पावतीवर आले नाहीत. "साहेब, एवढे तर सगळेच देतात, काकांना शिफ्टिंगला लागतील," असे एजंटने सांगितले होते, आणि घर शोधून दमलेला कोणताही माणूस त्या क्षणी हे ऐकून उठून गेला असता, असे मला आजही वाटत नाही. एजंटने स्वतःच्या दलालीपोटी २५,००० रुपये आगाऊ घेतले ते वेगळेच.

इसारपावती १७ जानेवारी २०२५ रोजी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या टेबलाशी झाली. त्या पानाची रचना मला आजही डोळ्यांसमोर दिसते. वर "लिहून घेणार" म्हणून माझे नाव, खाली "लिहून देणार क्र. १" म्हणून विक्रेता आणि "लिहून देणार क्र. २" म्हणून त्याची पत्नी, कारण सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावर दोघांचीही नावे होती. तिचा फोटो चिकटवलेला होता, आधार क्रमांक टाइप केलेला होता आणि फोटोशेजारची सहीची जागा कोरी होती. मी विचारले नाही असे कोणी समजू नये. मी विचारले. "वहिनी माहेरी गेल्या आहेत, साठेखताला (विक्रीच्या नोंदणीकृत कराराला) येतीलच, नोंदणीला त्यांच्याशिवाय थोडेच होणार आहे?" हे उत्तर एजंटने दिले, विक्रेत्याने मान डोलावली आणि नोटरीने त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहून न पाहिल्यासारखे करत शिक्का मारला. ज्याचे कामच सही करणाऱ्यांची ओळख पटवून घेणे आहे त्याला ती रिकामी जागा खटकली नाही, तर मला खटकून मी काय करायला हवे होते? उठायला हवे होते, हे आता सगळे नातेवाईक सांगतात. सहमालकांपैकी एकाची जरी सही राहिली असेल, तर एक रुपयाही देऊ नका. उद्या न्यायालयात तो करार फार तर सही करणाऱ्यापुरता उरतो.

त्याच पावतीत दुसरे पाप होते. खरेदीदाराने ४५ दिवसांत साठेखत केले नाही तर इसार जप्त होईल, याविषयी पाच ओळी होत्या. विक्रेत्याने माघार घेतली तर "रक्कम परत करण्यात येईल" एवढेच चार शब्द होते, त्यात मुदत नाही, व्याज नाही, भरपाई नाही. मसुदा एजंटचा होता. मसुदा नेहमी आपल्या वकिलाकडून करून घ्या, त्याची फी काहीही असली तरी.

घाई कशाची होती, तर एक एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरते त्या बाजारमूल्याचे, दर वाढणार, तेव्हा लवकर बांधून ठेवा, असा एजंटचा धोशा होता. दर खरोखरच वाढले. परंतु मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते, आणि माझी किंमत आधीच बाजारमूल्याच्या बरीच वर होती, म्हणजे त्या वाढीने मला दमडीचाही फरक पडणार नव्हता.

साठेखताची तारीख मागू लागलो, तेव्हा विक्रेत्याला अचानक पौष महिना आठवला. पैसे घेताना पौष आडवा आला नव्हता, सही करताना मात्र आला. माघ लागला, मग पत्नीची तब्येत, मग मुलाची परीक्षा. दरम्यान माझे गृहकर्ज मंजूर झाले, त्याच्या प्रक्रिया शुल्काचे ११,८०० रुपये आणि बँकेच्या वकिलाच्या शोध अहवालाचे ४,१३० रुपये गेले. मार्चअखेर निरोप आला की पत्नीची संमती नाही, व्यवहार रद्द समजावा.

मे महिन्यानंतर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या मिळकतीची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढली, तेव्हा संमती कुठे अडली होती ते समजले. मोबदला ७४,००,००० रुपये, आणि लिहून देणारांत पती आणि पत्नी दोघांचीही नावे. माझ्याकडून ठरलेल्या किमतीपेक्षा ५,५०,००० रुपये अधिक मिळताच माहेरही संपले आणि तब्येतही सुधारली.

आता यंत्रणांविषयी. शहरातील एका पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलो, तर अर्ज न वाचताच "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा," असे उत्तर मिळाले. पहिल्या दिवसापासून विकण्याचा हेतूच नसताना पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणूक आहे, असे वकिलाने लिहून दिले होते, पण तो कागद टेबलावरच्या काचेखालीसुद्धा गेला नाही. अर्जावर पोच मागितली, तर शिक्का साहेबांकडे आणि साहेब बंदोबस्तात. वरिष्ठ कार्यालयात गेलो, तर रक्कम लहान असल्याने ठाण्यातच जा; ठाण्यात आलो, तर वरून लेखी आले नाही. एका अधिकाऱ्याने मात्र मन लावून ऐकले आणि शेवटी विचारले, "अर्धे मिळालेत ना? मग?" या "मग"चे उत्तर मला अजून सुचलेले नाही. ज्यांची तक्रार घेतली जात नाही त्यांनी तोंडी हुज्जत घालू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना टपालाने पाठवावी, पोचपावती जपावी आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, दार आपल्यासाठी नाही, कारण त्याचा कायदा बिल्डरच्या प्रकल्पांचा आहे आणि खासगी व्यक्तीने स्वतःचा जुना फ्लॅट विकणे त्यात बसत नाही. ग्राहक आयोगाचेही तेच. म्हणजे नवीन घर घेणाऱ्याला दाद मागायला दोन जागा आणि जुने घर घेणाऱ्याला फक्त दिवाणी न्यायालय. दुय्यम निबंधक कार्यालयात हरकत नोंदवायला गेलो, तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम आणा, त्याशिवाय आम्ही कोणताही दस्त अडवू शकत नाही, असे खिडकीतूनच सांगण्यात आले. तो हुकूम मिळवायला जो वेळ लागतो, त्या वेळात फ्लॅट विकला जातो, हे त्या खिडकीतल्या माणसालाही ठाऊक होते.

वकिलाकडे मी मार्चमध्येच जायला हवे होते असे तो म्हणतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(६)(ब) नुसार खरेदीदाराने दिलेल्या रकमेचा, इसारासह, त्या मिळकतीवरच बोजा (म्हणजे मिळकतीतून ती रक्कम वसूल करण्याचा हक्क) असतो, ही गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती, एजंटने तर नाहीच. माघारीचा निरोप येताच नोटीस पाठवून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली असती, तर नव्या खरेदीदाराला "आम्हाला माहीत नव्हते" असे म्हणता आले नसते. दावा लावणार असाल, तर करारपूर्तीच्या मागणीसोबत इसार परत मिळण्याची मागणीही दाव्यात स्वतंत्रपणे लिहून घ्या, ती न लिहिल्यास न्यायालय स्वतःहून देत नाही. मुदत तीन वर्षांची आहे. आणि ५०० रुपयांच्या मुद्रांकाला फार भुलू नका, कमी शुल्काचा दस्त पुराव्यात घ्यायचा झाल्यास आधी उरलेले शुल्क आणि दंड भरावा लागतो.

नोटिशीनंतर विक्रेत्याने दोन धनादेश दिले. २,५०,००० रुपयांचा पहिला वटला. दुसरा २,४५,००० रुपयांचा होता, कारण टीडीएसचे ५,००० रुपये "तुम्ही सरकारला दिलेत, तिथून मागा," असे त्याचे म्हणणे होते, आणि रोख १,००,००० रुपये तर त्याने कधी पाहिलेच नव्हते. दुसरा धनादेश बँकेत टाकला, तो खातेदाराने पैसे थांबवल्याच्या शेऱ्यासह परत आला. एजंटने लगेच फोन करून "स्टॉप पेमेंटच्या चेकवर केस होत नाही दादा, थोडे थांबा," असा सल्ला दिला. हे धादांत खोटे आहे. पैसे थांबवलेला धनादेशही न वटलेल्या धनादेशाच्या गुन्ह्यात, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ मध्ये, येतो. बँकेचा शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार, हे गणित चुकले की हातातला एकमेव भक्कम कागद पोकळ होतो, आणि "थोडे थांबा" म्हणणाऱ्याला नेमके तेच हवे असते. सुदैवाने माझ्या वकिलाने थांबू दिले नाही.

आज हिशेब असा आहे: धनादेशाचे २,४५,०००, रोख १,००,०००, टीडीएसचे ५,०००, एजंटचे २५,००० आणि बँकेचे १५,९३०, एकूण ३,९०,९३० रुपये. एजंट म्हणतो की त्याने आपले काम केले, व्यवहार मोडला तो मालकाने. रोख रकमेबाबत मला एक गोष्ट उशिरा समजली, ती इथे नोंदवतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक आगाऊ रक्कम रोखीने घेण्यास तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २६९एसएस मनाई करत होते आणि घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. मी ते पैसे त्याच सकाळी माझ्या बचत खात्यातून काढले होते, त्याची नोंद पासबुकात आहे, आणि रक्कम पोचल्याचा विक्रेत्याचा व्हॉट्सॲप संदेश मी पुसलेला नाही.

धनादेशाच्या खटल्यात समन्स लागल्यावर विक्रेत्याच्या वकिलाकडून तडजोडीचा निरोप आला: २,००,००० रुपये घ्या, सगळे मिटले असे लिहून द्या. २,४५,००० रुपयांपेक्षा एक रुपयाही कमी घेणार नाही आणि रोख रकमेचा प्रश्न त्यात मिटणार नाही, असे मी लेखी कळवले आहे आणि त्या पत्रासोबत आयकर विभागाला केलेल्या तक्रारीची प्रत जोडली आहे.