हिवाळी कॅम्प स्वतःच आखताना: उबदार बेट, उंच डोंगर की घर?

कोच नाही, तीन-चार आठवडे मोकळे आहेत आणि पुढच्या मोसमात व्यावसायिक गटात उतरायचं आहे. अशा ट्रायथलीटपुढे, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत करणाऱ्या खेळाडूपुढे, सहसा तीन वाटा असतात: स्पेनच्या लँझारोटेसारखं उबदार बेट, स्पेनमधल्या सिएरा नेवाडासारखं उंचावरचं केंद्र, किंवा घरीच राहून इनडोअर ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र.

पहिल्याच कॅम्पसाठी मी बेट निवडेन. जानेवारीतही दिवसा साधारण वीस अंश तापमान असतं, त्यामुळे सायकलवर चार-पाच तास सलग काढता येतात. तिथल्या क्लब ला सांता या क्रीडा-रिसॉर्टमध्ये पोहायला ५० मीटरचे तलाव आहेत, आणि माझ्या लेखी ठिकाण ठरवताना पहिला निकष तलावच. खोलीपासून तलाव अर्ध्या तासावर असला की दुसऱ्या आठवड्यात पोहणंच आधी बुडतं. बेटावरचा वारा मात्र छळतो. तिथे वेगाकडे न बघता पॉवर मीटरवर, म्हणजे पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या यंत्रावर चाला.

सिएरा नेवाडाचं केंद्र २,३२० मीटरवर आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्ण जिंकलेला क्रिस्टियन ब्लुमेनफेल्ट आणि त्याचे नॉर्वेजियन सहकारी तिथे सराव करत आले, त्यामुळे मोह होणारच. पण त्यांच्याबरोबर रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या श्रमात वाढणारा पदार्थ) मोजून वेग आवरणारी माणसं असतात, हे विसरू नका. विरळ हवेत एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक, एक-दोन दिवसांत वाढतं, पण लाल पेशींचं प्रमाण खऱ्या अर्थानं वाढायला तीन आठवडे तरी लागतात, तेही शरीरात लोह पुरेसं असेल तरच. निघण्याच्या काही आठवडे आधी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्तचाचणी) तपासून घ्या. कमी असेल तर डॉक्टरांना विचारून आधी ते भरून काढा.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. उंचीवरच्या पहिल्या दिवसांत सकाळची नाडी वाढते, झोप तुटते, नेहमीचे वॅट जड वाटतात. अतिसरावाची लक्षणंही नेमकी हीच! यातलं कोणतं काय हे एकट्यानं, स्वतःच्याच शरीराबद्दल ओळखणं फार अवघड आहे, आणि महत्त्वाकांक्षी माणूस दर वेळी ‘उंचीमुळे असेल’ असंच म्हणतो. शिवाय हिवाळ्यात वर बर्फ असतो. लांब सायकलिंगसाठी गाडीनं खाली ग्रानाडाकडे उतरावं लागतं, त्यात दिवस जातो.

घरच्या पर्यायाला लोक उगाच कमी लेखतात. ट्रेनरवर वॅट अचूक पाळता येतात, झोप आणि जेवण आपल्या हातात राहतं. पंख्याविना ट्रेनरवर बसलात तर मात्र घामानं नाडी चढत जाते आणि आकडे फसवे होतात. नोकरीतून सुटी मिळत नसेल तर हाच पर्याय घ्या.

कुठेही गेलात तरी वाढवायची ती सायकल आणि पोहणं. धावणं पहिल्या आठवड्यात नेहमीइतकंच ठेवा. दमसास लवकर वाढतो, नडगीचं हाड तितक्या लवकर तयार होत नाही, आणि स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला चीर गेली, की सगळा वसंत गेला. थांबायचे नियम निघण्याआधीच लिहून काढा: सकाळची नाडी किती दिवस चढी राहिली तर सुटी, कुठे दुखलं तर धावणं बंद. तो कागद तुम्हाला नीट ओळखणाऱ्या एखाद्या सोबत्याकडे द्या आणि रोज रात्री आकडे त्याला कळवा.