इन्स्टॉलरला डिस्क दिसेना: आयडीई, साटा की व्हर्टआयओ?

व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाकायला घ्यावं आणि इन्स्टॉलरने डिस्कच नाही म्हणावं! अशा वेळी बरेच जण आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) पुन्हा उतरवतात किंवा डिस्क पुसून नवी बनवतात. बहुधा दोन्ही खटपटी वाया जातात. डिस्क ठणठणीत असते, अडतं ते तिच्या कंट्रोलरपाशी, म्हणजे डिस्क मशीनला जोडणाऱ्या भागापाशी. आयडीई, साटा आणि खास व्हर्च्युअल मशीनसाठीचं व्हर्टआयओ हे त्याचेच प्रकार.

आधी कन्ट्रोल-आल्ट-एफ२ दाबून शेल (कमांड लिहायची जागा) मिळतो का पाहा आणि उपकरणं व त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी ‘एलएसपीसीआय -के’ ही कमांड चालवा. यादीत कंट्रोलरच नसेल, तर बहुधा चूक मशीनच्या सेटिंगमध्ये आहे. कंट्रोलर आहे पण त्याखाली ड्रायव्हरचं नाव नाही, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कमी पडतोय. दोन्ही असूनही ‘एलएसबीएलके’च्या यादीत डिस्क नाही, तर डिस्क त्या कंट्रोलरला जोडायचीच राहिली असेल. आणि एक गंमत: व्हर्टआयओच्या ब्लॉक प्रकारावर (दुसरा प्रकार स्कझी) डिस्कचं नाव एसडीए नसतं, व्हीडीए असतं. स्वयंचलित इन्स्टॉलची फाइल एसडीए शोधत बसते, डिस्क शेजारीच असते.

आता निवड. आयडीई सगळ्या सिस्टिम ओळखतात, पण ते चारच उपकरणं घेतं आणि संथ आहे. फारच जुनं डिस्ट्रो (लिनक्सचा संच) चालवायचं असेल तरच घ्या. साटा हा बिनधोक मधला मार्ग. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये मी तोच ठेवतो, कारण तिथे व्हर्टआयओ-स्कझी २०१९ मध्ये ६.१ आवृत्तीत आलं तेही प्रायोगिक म्हणून.

केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन सोयीवर, मात्र साटाला चिकटून राहण्यात अर्थ नाही. व्हर्टआयओचे ड्रायव्हर २००८ पासून मूळ कर्नलमध्ये आहेत. वेगळा ड्रायव्हर टाकायची कटकट विंडोजवाल्यांची. ब्लॉक प्रकारात एरवी प्रत्येक डिस्क स्वतंत्र पीसीआय उपकरण असते, स्कझी प्रकारात एकाच कंट्रोलरवर ढीगभर डिस्क बसतात. ब्लॉकला डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा परत देण्याची सोय) कर्नल ५.० पासून मिळालं, स्कझीला ते आधीच होतं. एखाद-दुसरी डिस्क असेल तर ब्लॉक, नाहीतर स्कझी.

व्हीएमवेअरवर त्यांचा स्वतःचा पीव्हीस्कझी कंट्रोलर घ्या; कर्नल २.६.३३ पासून त्याचा ड्रायव्हर आहे. बसलॉजिक या जुन्या कंट्रोलरच्या वाटेला जाऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या जनरेशन २ मशीनमध्ये आयडीई नाहीच, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्न उरत नाही.

साटावर इन्स्टॉल करून मग व्हर्टआयओकडे जायचा बेत असेल, तर फेडोरा घराण्यात जपून. तिथलं इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लागणाऱ्या ड्रायव्हरची फाइल) फक्त त्या वेळच्या हार्डवेअरपुरतं बनतं, त्यामुळे कंट्रोलर बदलताच बूट अडकू शकतं. बदलण्याआधी ‘ड्रॅकट -एफ --नो-होस्टओन्ली’ चालवून ती फाइल नव्याने बनवा आणि एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) एसडीए१ ऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा. आधीच बदलून बसला असाल, तर बूट मेन्यूतली रेस्क्यू नोंद निवडून बघा. तिच्या इनिटरॅमएफएसमध्ये सरसकट सगळे ड्रायव्हर भरलेले असतात.