माठ की फ्रिज? नागपूरच्या उन्हाळ्यातला हिशोब

मे महिन्यात पारा 45 ला टेकला की आमच्या घरी हा वाद होतेच. पोरं उन्हातून आली की सरळ फ्रिजची बाटली तोंडाला लावतात, दात शिवशिवतात, दोन घोटांवर थांबतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा फ्रिज उघडा. माठाचं पाणी कसं गटागटा जाते. त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, हवेत उडते आणि जाताजाता आतली उष्णता घेऊन जाते, म्हणजे आपल्या वाळ्याच्या कूलरचंच तंत्र, फक्त लाईट गेली तरी चालू. नागपूरची कोरडी हवा त्याला एकदम फिट, जुलैत दमट झालं की मात्र माठ न कूलर दोघंही फेल.

कटकट आहेच. नवा माठ दिवसभर भिजवा, पाणी रोज बदला, आतून नारळाच्या शेंडीनं घासा, साबण नको, माती तो पिऊन घेते. मागच्या वर्षी मी हौसेनं चकचकीत रंगवलेला माठ आणला, पाणी काही गार होईना, रंगानं छिद्रंच बुजलेली! आणि ग्लास हातासकट आत बुडवणारे घरोघरी राहतात, त्यांच्यासाठी तोटीवालाच घ्या. दूध, दही, कापलेलं टरबूज फ्रिजमध्येच, तिथे हट्ट नाही.