ऱ्होड्स की हानिया: हाती एकच निवांत दिवस असेल तर

ताईचा फोन आला तेव्हा तिची ठिकाणांची काटछाट करून झाली होती. सप्टेंबरात ती आणि भाऊजी चार दिवस अथेन्सला असणार, त्यातला एक दिवस एखाद्या बेटावरच्या जुन्या बंदराच्या गावात काढायचा. "सँटोरिनी नको, तिथे नुसती फोटोंसाठी रांग. आणि पळापळ अजिबात नको, यांचे गुडघे तुला माहीत आहेत." शेवटी दोन नावं उरली होती: ऱ्होड्स आणि क्रीट बेटावरचं हानिया. (इंग्रजी स्पेलिंग बघून 'चानिया' म्हणू नका, तिथे कुणी म्हणत नाही.) मी दोन्हीकडे राहून आलोय, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बघण्यासारखं ऱ्होड्समध्ये जास्त आहे, यात वाद नाही. पण 'निवांत' हा शब्द ताईने तीनदा वापरला होता, आणि त्या शब्दाला हानिया जास्त जागतं.

पहिला फरक पोहोचण्यातच आहे. अथेन्सहून विमानाने दोन्ही ठिकाणं साधारण तासाभरावर. पण फेरीबोटीचा विचार केलात तर चित्र पालटतं. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून हानियाची बोट रात्री सुटते आणि सकाळी सहाच्या सुमारास सूदाच्या धक्क्याला लागते. सूदा ते शहर सातेक किलोमीटर, बस असते. म्हणजे हॉटेलचा खर्च वाचला, झोप झाली आणि अख्खा दिवस हातात, वर रात्रीच्या बोटीने परतही येता येतं. ऱ्होड्सची बोट मात्र बारा ते अठरा तास खाते, वाटेत कुठल्या बेटांवर थांबते त्यावर अवलंबून. एका दिवसासाठी ऱ्होड्सला जायचं तर विमानच.

आता ऱ्होड्स. या जुन्या शहराचं वजन मोठं आहे. जवळपास चार किलोमीटरची तटबंदी, आत अजून लोक राहतात असं मध्ययुगीन शहर, 1988 पासून जागतिक वारशाच्या यादीत. 1309 ते 1522 हे बेट सेंट जॉनच्या सरदारांकडे होतं. युरोपभरातून आलेले हे लढवय्ये साधू भाषेनुसार गटागटाने राहायचे आणि प्रत्येक गटाची वेगळी वास्तू होती. त्या वास्तू 'सरदारांच्या रस्त्यावर' आजही ओळीने उभ्या आहेत, दारांवर दगडात कोरलेली मानचिन्हं आहेत. सकाळी आठला या रस्त्यावर गेलात तर एखादं मांजर आणि तुम्ही. चढ हलका आहे, पण पायाखाली बघा: फरसबंदीत गोटे उभे रोवलेले आहेत. अंगणांमध्ये याच गोट्यांची काळी-पांढरी नक्षी असते, तिला 'होख्लाकी' म्हणतात. बघायला देखणी, चालायला कठीण. पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक गोटा वेगळा कळतो. मी पहिल्या दिवशी सँडल घालून गेलो आणि दुपारी औषधांच्या दुकानात मलम मागत होतो.

रस्त्याच्या वरच्या टोकाला ग्रँड मास्टरचा, म्हणजे सरदारांच्या प्रमुखाचा, राजवाडा. बाहेरून भव्य, पण आत जाण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. मूळ इमारतीच्या 1856 मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात चिंधड्या उडाल्या. आज दिसतो तो राजवाडा इटालियनांनी 1937 ते 1940 या काळात पुन्हा बांधला, तेव्हा बेट त्यांच्या ताब्यात होतं. जमिनीवरची सुंदर मोझाइक्स तर कोस बेटावरून उचलून आणलेली. मला आतल्या दालनांपेक्षा सरदारांचं जुनं रुग्णालय जास्त आवडलं. तिथे आता पुरातत्त्व संग्रहालय आहे.

आणि हो, ताईने कोलोससचं विचारलंच. तो कुठे दिसत नाही. सुमारे 33 मीटर उंचीचा तो ब्राँझचा सूर्यदेव उणीपुरी पन्नास-साठ वर्षं उभा राहिला आणि इसवी सनपूर्व 226 च्या भूकंपात कोसळला. पायांच्या फाकेतून जहाजं जायची, हे चित्र नंतरच्या लोकांच्या कल्पनेतलं. मांद्राकी बंदराच्या तोंडाशी आता दोन खांब आहेत, एकावर हरीण, दुसऱ्यावर हरिणी. बास.

ऱ्होड्सची खरी अडचण दहानंतर सुरू होते. क्रूझची जहाजं अगदी तटाला लागून असलेल्या धक्क्यावर येतात. जहाजातून उतरलं की पाच-दहा मिनिटांत माणूस सॉक्रेटिसच्या नावाच्या बाजाररस्त्यावर. तीन जहाजं एका दिवशी आली तर तो रस्ता लग्नसराईतल्या दादरसारखा होतो. त्याच गर्दीत एका खाण्याच्या ठिकाणी मला मेन्यू न दाखवताच बुटाच्या आकाराच्या भल्यामोठ्या ग्लासात बिअर दिली आणि बिल पाहून घोट घशात अडकला. तेव्हापासून किंमत विचारल्याशिवाय टेकत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे: खंदकात उतरा. हा खंदक कोरडा आहे, दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये गवत आणि झाडं, आणि इथे-तिथे वेढ्यांच्या काळातले दगडी तोफगोळे कलिंगडांसारखे पडलेले. वर हजारो माणसं असताना खाली मोजून दहा. 1522 मध्ये तुर्की सुलतान सुलेमानच्या फौजेने याच भिंतींपुढे सहा महिने घालवले. ते इथे उभं राहिल्यावर पटतं.

हानियात असं एकही ठिकाण नाही, ज्यापुढे तुम्ही तोंड उघडं टाकून उभे राहाल. तिथे आहे एक बंदर, अर्धवर्तुळाकार, व्हेनिसच्या लोकांनी बांधलेलं, आणि दिवसभर त्याच्याभोवती घुटमळणं एवढाच कार्यक्रम. टोकाला दीपगृह. मूळ व्हेनेशियन, पण आजचं रूप 1830 च्या दशकातलं, तेव्हा क्रीटवर इजिप्तचा अंमल होता. म्हणून बंदराच्या काठावरचं हे दीपगृह मिनारासारखं निमुळतं दिसतं. दगडी बांधावरून तिथवर चालत जाता येतं, मात्र बांध दीड किलोमीटरचा आहे आणि सावली शून्य. ऊन चढायच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा. बंदर उथळ असल्याने मोठी जहाजं सूदाला लागतात, आणि हाच हानियाचा मोठा फायदा. क्रूझचे लोक येतात, पण बसने, थोडे थोडे. लाटेसारखे आदळत नाहीत.

सकाळी बोटीतून उतरलात की सरळ बुगात्सा खायला जा. इथल्या बुगात्साच्या पापुद्र्यांत मिझिथ्रा नावाचं आंबूस-खारट चीज असतं. गरम तवा समोर येतो, कारागीर रुंद पात्याने ठक ठक ठक करत त्याचे चौकोनी तुकडे पाडतो आणि विचारतो, साखर? हो म्हणा. खारट, गोड आणि कुरकुरीत असं एका घासात येतं. मी दुसरी प्लेट मागवली होती, हे भाऊजींना सांगू नका.

मग स्प्लांत्सिया. बंदरापासून जरा आत, बहुतेक पर्यटक इथवर येत नाहीत. चौकात सेंट निकोलसचं चर्च आहे, त्याच्या एका अंगाला घंटेचा मनोरा आणि दुसऱ्या अंगाला मिनार. आधी ख्रिस्ती मठ, 1645 मध्ये तुर्कांनी शहर घेतल्यावर मशीद, विसाव्या शतकात पुन्हा चर्च. मिनार मात्र कुणी पाडला नाही. समोर मोठं चिनाराचं झाड. त्याखाली खुर्च्या टाकलेल्या असतात, म्हातारे तावली खेळत असतात, सोंगट्या फळीवर आपटण्याचा आवाज लांबून येतो. याच झाडाला तुर्कांविरुद्धच्या 1821 च्या उठावात एका बिशपना फाशी दिलं होतं, तशी पाटी तिथे आहे. चौकाचं नावच 1821.

दोन्ही शहरांत एकेक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, आणि दोन्हींची गोष्ट एकाच उन्हाळ्याची. जून 1944 मध्ये नाझींनी पकडलेल्या हानियातल्या ज्यूंना घेऊन निघालेलं जहाज ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. जुलैत ऱ्होड्सच्या ज्यूंना आउशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आलं. ऱ्होड्सचं काहाल शालोम 1577 चं, हानियाचं एत्झ हायिम लहान आणि अंगणातलं. वेळ कमी असला तरी एक बघाच.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची दोन्हीकडे आबाळ नाही. ऱ्होड्सचे पितारुदिया म्हणजे काबुली चणे, टोमॅटो, कांदा आणि पुदिन्याची भजीच. मेलेकूनी हातात घेतलीत तर हसाल: तीळ आणि मध, शंकरपाळीच्या आकाराची वडी, तिकडे लग्नात वाटतात. हानियात दाकोस मागवा, म्हणजे दगडासारख्या बार्लीच्या टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा आणि सढळ ऑलिव्ह तेल. पाच मिनिटं मुरू द्या, नाहीतर दात जाईल. शिवाय बुरेकी, त्यात झुकिनी, बटाटा आणि पुदिना. आणि मराथोपिता, बडीशेपेच्या पाल्याची पोळी. ग्रीकमध्ये बडीशेपेला 'माराथो' म्हणतात. शहराच्या पूर्वेला अक्रोतिरी द्वीपकल्पावर एका समुद्रकिनाऱ्याचं नावच 'मराथी' आहे. आपला काही संबंध नाही, पण पाटीखाली उभं राहून फोटो काढल्याशिवाय मराठी माणूस परत येणं शक्य नाही.

एक इशारा. मेन्यूत 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाचं, असं दिसलं की मांस, दूध आणि अंडं नसतं. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात. विचारून घ्या.

पोहायचं असेल तर ऱ्होड्सला मांद्राकीच्या पलीकडेच एली किनारा, हानियाला नेआ होरा पंधरा मिनिटांवर. यात डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

संध्याकाळ मात्र वेगळी. ऱ्होड्सला जहाजं निघून गेल्यावर शहर पुन्हा स्वतःचं होतं, दिव्यांच्या उजेडात भिंती पिवळ्या पडतात. पण ती वेळ गाठायची तर तिथे मुक्काम हवा. हानियात जेवण संपलं की न मागता छोट्या बाटलीत त्सिकुदिया, म्हणजे द्राक्षांची कडक दारू, येते, सोबत कलिंगडाच्या फोडी. तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. सूदाची बोट गाठायला तेवढा वेळ पुरतो.

म्हणून ताईला म्हटलं: दोन रात्री काढता येत असतील तर ऱ्होड्स, फक्त एक दिवस असेल तर हानिया. तिने हानियाची बोट ठरवली. भाऊजी मात्र अजून रोज रात्री ऱ्होड्सच्या खंदकाचे व्हिडिओ बघतायत. खाली जमीन सपाट आहे, हे मी बोलायला नको होतं.