व्हॅलेटाची पायी फेरी : वाटाड्याबरोबरचे तीन तास

माल्टाची राजधानी व्हॅलेटा पायीच पाहावी. जेमतेम एक किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर रुंद असा हा खडकाचा सुळका असून त्याच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही पती-पत्नींनी एका स्थानिक संस्थेची तीन तासांची मार्गदर्शित फेरी घेतली. काही उणिवा असूनही ती मी मनापासून सुचवीन, आणि त्याचे बरेचसे श्रेय आमच्या मार्गदर्शक बाईंना आहे.

फेरी ट्रायटन कारंज्यापाशी सुरू झाली. वास्तुकार रेन्झो पियानो यांनी नव्याने रचलेल्या नगरद्वारातून आत शिरल्यावर लगेच उजवीकडे त्यांचेच संसद भवन आणि त्यापुढे 1942 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या ऑपेरागृहाचे उरलेले खांब दिसतात. आज त्या खांबांमध्येच खुले रंगमंदिर आहे. येथे फार वेळ न घालवता बाईंनी आम्हांला एका आडव्या गल्लीच्या तोंडाशी उभे केले आणि दोन्ही बाजूंना पाहायला सांगितले. रस्ता उतरत जाऊन एका टोकाला समुद्रात मिळत होता आणि दुसऱ्या टोकालाही निळी पट्टी दिसत होती. 1565 च्या तुर्की वेढ्यातून बेट वाचल्यावर तेथे राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या ख्रिस्ती सरदार-संघाचे प्रमुख, ग्रँड मास्टर ला व्हालेट यांनी 28 मार्च 1566 रोजी या शहराची पायाभरणी केली. फ्रान्चेस्को लापारेल्ली या अभियंत्याने सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले, ते समुद्राचा वारा शहरभर खेळावा म्हणून. गोड्या पाण्याची टंचाई असल्याने प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके खोदण्याचा नियमही तेव्हाच झाला. भर दुपारी त्या गल्लीत अंगावर आलेल्या गार झुळकेमुळे हा इतिहास मला जितका पटला तितका कोणत्याही फलकाने पटला नसता.

सेंट जॉन कॅथेड्रल बाहेरून एखाद्या गढीसारखे रूक्ष आहे. आत मात्र भिंतींवर सोनेरी नक्षी, छतावर मात्तिया प्रेती याने दगडावरच तैलरंगांत रंगवलेली चित्रे आणि पायांखाली त्या संघाच्या सरदारांची रंगीत संगमरवरी थडगी आहेत. फरशीला इजा होऊ नये म्हणून टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवावे. कॅराव्हाज्जोचे 1608 मधील ‘संत जॉनचा शिरच्छेद’ हे भव्य चित्र येथेच आहे. संताच्या मानेतून जमिनीवर ओघळलेल्या रक्तातच चित्रकाराने आपले नाव लिहिले आहे, आणि त्याची सही असलेले हे एकमेव चित्र. बाईंनी बोट दाखवेपर्यंत ती अक्षरे मला दिसली नव्हती. दिसल्यावर दुसरीकडे नजर वळेना.

तक्रारीही नोंदवतो. आमच्या गटात पंचवीसच्या आसपास माणसे होती आणि कानात लावायची यंत्रे दिलेली नव्हती, त्यामुळे गर्दीच्या रिपब्लिक स्ट्रीटवर मागच्यांना निम्मे ऐकूच आले नाही. कॅथेड्रलचे तिकीट वेगळे काढावे लागते, हे नोंदणी करताना स्पष्ट सांगायला हवे होते. चढ-उतार आणि पायऱ्या भरपूर आहेत, तसेच पिवळसर चुनखडीची फरसबंदी झिजून गुळगुळीत झालेली आहे, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी विचार करूनच नाव नोंदवावे.

मध्यंतरी पास्तित्सी खायला मिळाले. खारीसारखे पापुद्रे सुटणाऱ्या या खाद्याच्या आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण असते. फेरीचा शेवट अप्पर बाराक्का बागेत झाला. खाली ग्रँड हार्बर, समोर जुनी तटबंद गावे, आणि दुपारी चार वाजता सलामीच्या तोफेचा आवाज. वेळेचे हे नियोजन अचूक होते.

एक जागा मात्र फेरीत नव्हती, आणि मराठी प्रवाशाने ती स्वतंत्रपणे पाहावी. नगरद्वाराजवळच तटबंदीवर हेस्टिंग्ज बाग आहे. तेथे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज पुरलेला आहे. 1813 ते 1823 या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेल्या याच माणसाच्या कारकिर्दीत तिसरे इंग्रज-मराठा युद्ध झाले आणि 1818 मध्ये पेशवाई बुडाली. पुढे तो माल्टाचा गव्हर्नर झाला आणि 1826 मध्ये वारला. पुण्यात शनिवारवाड्याजवळ लहानाचा मोठा झालेला मी त्या समाधीसमोर बराच वेळ उभा राहिलो. बाईंना नंतर विचारले, तर त्यांना तो केवळ माल्टाचा एक गव्हर्नर म्हणून ठाऊक होता. मी पेशवाईबद्दल सांगू लागलो तेव्हा त्यांनी वही काढून सारे टिपून घेतले. बाग द्वारापासून चालत पाच मिनिटांवर असून प्रवेश विनामूल्य आहे. संध्याकाळी जावे, म्हणजे तटावरून मार्सामशेट बंदरावरचा सूर्यास्तही पाहता येतो.