कॉन्फेडरेट झेंडा: सरकारी खांबावर की संग्रहालयाच्या पेटीत?

अमेरिकन यादवी युद्धातला (१८६१–६५) दक्षिणेचा, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या ‘कॉन्फेडरसी’चा झेंडा दाखवायचाच असेल, तर कुठे: सरकारी खांबावर की संग्रहालयाच्या पेटीत? साउथ कॅरोलायना या अमेरिकन राज्याने दोन्ही करून पाहिलं. १९६१ साली तो विधानभवनाच्या घुमटावर चढला, २००० साली आवारातल्या सैनिक स्मारकापाशी आला आणि १० जुलै २०१५ला संग्रहालयाकडे गेला.

अर्थ: सरकारी खांबावरचा झेंडा सरकारच्या वतीने बोलतो. जून २०१५मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. शोक म्हणून घुमटावरचे झेंडे अर्ध्यावर आले, हा मात्र पूर्ण उंचीवरच राहिला. गुलामांच्या वंशजांनी ते रोज पाहायचं, हे अन्यायाचंच होतं. पेटीशेजारी निदान खुलासा लिहिता येतो: हे रणध्वजाचं चिन्ह, तेरा ताऱ्यांचं; हा कॉन्फेडरसीचा अधिकृत राष्ट्रध्वज कधीच नव्हता.

टिकाऊपणा: खांबावर नायलॉनची नक्कल चालते, विटली की बदलायची. अस्सल रेशमी किंवा लोकरी झेंडा टांगला, तर स्वतःच्या वजनानेच फाटतो. तो आम्लमुक्त (कापडाला न खाणाऱ्या) फळीवर सपाट किंवा किंचित उतरता ठेवावा. उजेड ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचं माप; म्हणजे मंदच), तोही अधूनमधून बंद, कारण प्रकाशाची हानी साठत जाते.

खर्च: पेटी महाग, नक्कल स्वस्त. पण खांबाची राजकीय किंमत मोठी: तिथून झेंडा उतरवायला साउथ कॅरोलायनात कायद्याने विधिमंडळाची दोन-तृतीयांश मतं लागत होती.

इतिहास शिकवायचा असेल, तर पेटीच. पूर्वजांचं स्मरण खाजगी अंगणात करता येतं. सरकारी खांब मात्र सगळ्या नागरिकांचा. तिथे हा झेंडा नको.