रायझन ७ ५८००एक्स३डी: पैसे कॅशचे, वेगाचे नव्हेत

मदरबोर्ड जुनाच, डीडीआर४ ३२०० रॅमही जुनीच. बायोस अपडेट करून एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर काढला आणि त्यांचाच हा ५८००एक्स३डी बसवला. काही महिने रोज वापरल्यावर आता लिहायला हरकत नाही.

कागदावर हा साध्या ५८००एक्सपेक्षा उणाच दिसतो. त्याचा बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ४.७ गिगाहर्ट्झ, याचा ४.५. फरक आहे तो एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या, चपळ मेमरीत: तिथे ३२ एमबी, इथे ९६. जास्तीचे ६४ एमबी मूळ कॅशच्या डोक्यावर दुसरी चिप चढवून दिलेत.

एवढ्या कॅशचं करायचं काय? रॅममध्ये एका बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि एक गळका कपॅसिटर. म्हणून ती स्वस्त, दाट आणि मंद. कॅशमध्ये बिटामागे सहा ट्रान्झिस्टर. म्हणून ती चपळ, पण जागाखाऊ आणि महाग. तेव्हा थोडी चपळ मेमरी पुढे आणि भरपूर मंद मेमरी मागे, ही जुनी युक्ती. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी ती १९६५ मध्ये मांडली, आणि १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या ३६०/८५ या संगणकात १६ केबीपासून कॅश मिळू लागली.

गंमत गणितात आहे. समजा कॅशमध्ये सापडलं तर १० नॅनोसेकंद आणि रॅमपर्यंत जावं लागलं तर ८०. शंभरातल्या ९० वेळा सापडलं तर सरासरी १७. ९५ वेळा सापडलं तर साडेतेरा. जेमतेम पाच टक्क्यांची सुधारणा, पण थांबणं वीस टक्क्यांनी घटतं!

हे प्रत्यक्षात कुठे जाणवतं? फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेममध्ये, कारखाना अवाढव्य झाल्यावर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तर फारच. सरासरी फ्रेम वाढल्या, पण त्यापेक्षा मोठ्या विमानतळावर उतरताना बसणारे झटके कमी झाले याचं मला जास्त अप्रूप. माझ्या कामातही फायदा झाला. ३००० बाय ३००० डबल (प्रत्येकी आठ बाइटच्या) आकड्यांचं मॅट्रिक्स ७२ एमबी होतं: ३२ मध्ये मावत नाही, ९६ मध्ये मावतं. त्यावर पुन्हापुन्हा फिरणारा लूप आता रॅमकडे क्वचितच जातो. म्हणून कोड कसाही लिहावा असं नाही. कॅश ६४-६४ बाइटच्या तुकड्यांत भरते, म्हणजे एका खेपेला आठ डबल येतात. ओळीने वाचलं तर आठही कामी येतात. स्तंभाने वाचत सुटलात तर एक वापरून पुढे जाता, आणि उरलेले सात वापरण्याआधीच हुसकले जाऊ शकतात. मॅट्रिक्स आणखी मोठं केलं की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या रेंडरिंगला या कॅशचा जवळपास उपयोग नाही. तिथे कोअर आणि गिगाहर्ट्झच चालतात. ब्राउझर, एक्सेल वगैरेत फरक कळणारही नाही.

बॉक्समध्ये कूलर येत नाही आणि स्वस्तातला लावू नका. वर सिलिकॉनचा आणखी थर असल्याने उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. मर्यादा ९० अंशांची आहे आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये भार पडला की ती फार लांब वाटत नाही. गुणक वाढवून ओव्हरक्लॉक करायची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायची, सोयही नाही. महागड्या, जास्त वेगाच्या रॅमवर मात्र खर्च करू नका. रॅमकडे जाणंच कमी झालंय, तिथे तो वेग फारसा दिसणार नाही.

एएम४ सॉकेटचा (हा प्रोसेसर ज्यात बसतो तो) बोर्ड आहे आणि गेम किंवा सिम्युलेशन चालवता, तर हा घ्या. त्याच बोर्डावर दिवसभर रेंडरिंग करत असाल तर १६ कोअरचा ५९५०एक्स बघा.